‘काम’ नावाचा फोल्डर

‘काम’ फोल्डर उघडला आणि त्यात काहीच नव्हतं. भाषांतर केलेले बारा जबाब अकरा वाजता वकिलांच्या ऑफिसात द्यायचे होते, आणि साडेनऊ वाजून गेले होते.

“सेव्ह केलं होतंस ना?” मी ताईला विचारलं.

“रोज केलं.” मग जरा थांबून म्हणाली, “केलंच असणार.”

ताईच्या डोक्याला मार लागून वर्ष झालं. मधे तर गॅस बंद केला की नाही, तेही तिला आठवायचं नाही. आता कामाला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि हे तिचं पहिलंच काम. जमलं तर ती पुन्हा भाषांतरकार, नाही तर घरात सगळ्यांनी सांभाळून घ्यायचं माणूस. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

काम एका जागी राहावं म्हणून शहाणपणा मीच केला होता. तिच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर वीस जीबीची इमेज फाइल बनवली, तिच्यात फाइलसिस्टम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, घातली आणि ती ‘काम’ फोल्डरवर माउंट केली, म्हणजे जोडली. ती फाइल म्हणजे एक पेटीच. माउंट केली की फोल्डरात पेटीच्या आतलं दिसतं. द्यायच्या वेळी पेटी उचलली की झालं. आज आल्याआल्या सवयीने माउंटची कमांड मारली, तर पेटी कोरी करकरीत.

सगळीकडे शोधलं. एडिटरच्या अलीकडच्या फाइलींच्या यादीत बाराही नावं होती, पत्ताही ‘काम’चाच, पण एकही उघडेना. माझं डोकं सणकलं.

“पुसल्या असशील चुकून,” मी म्हणालो. “तुला आठवत नसेल.”

ती आतल्या खोलीत गेली. मी स्क्रीनला शिव्या घालत बसलो.

दहाच्या सुमारास जुन्या कमांड वर सरकवून बघितल्या. माउंटची ओळ दोनदाच होती. एकदा पेटी बनवली तेव्हा, एकदा आज. कॉम्प्युटर बंद केला की माउंट सुटतं, ते पुन्हा करावं लागतं, आणि हे मी तिला सांगितलंच नव्हतं. दोन आठवडे बिचारी साध्या फोल्डरात काम करत होती, आणि आज मीच त्यावर रिकामी पेटी आणून ठेवून तिचं सगळं काम खाली झाकलं होतं.

अनमाउंट केलं, म्हणजे पेटी बाजूला काढली. बाराच्या बारा जबाब समोर आले.

“ताई, सापडलं. सगळं आहे.”

ती दारात आली. हातात फोन होता. “मी वकिलांना कळवलं. ते दुसरं कोणीतरी बघतायत.”

“काय कळवलंस?”

“की मला आता हे जमत नाही.”

“कोण म्हणालं जमत नाही?”

“तूच की.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय घडलं ते कसंबसं सांगितलं आणि म्हणालो, “फोन दे, मी बोलतो त्यांच्याशी.”

तिने फोन दिला नाही. स्वतःच नंबर लावला. “बाराही जबाब तयार आहेत,” ती म्हणाली. “अकराला घेऊन येते. मघाशी सांगितलं ते चुकीचं होतं. माझं नाही, माझ्या भावाचं चुकलं.”

आणि बोलता बोलता तिने मला खुर्चीवरून ऊठ म्हणून खूण केली.