गुडघ्याचा दाखला

आमच्या फुटबॉल क्लबात नव्या खेळाडूचा फोटो आधी काढतात, तपासणी मग करतात. ही मालकांची पद्धत. जर्सी अंगात, मालकांचा हात खांद्यावर, दोघं हसतायत. तो फोटो सगळीकडे पोचला की गडी माझ्या खोलीत. मी क्लबचा फिजिओ. मी 'तंदुरुस्त' असं लिहून मोकळं व्हायचं.

यंदाचा स्ट्रायकर क्लबनं आजवर घेतलेल्यांत सगळ्यात महाग. कोच बिचारे बचावाला माणूस मागत होते, पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. कोच म्हणजे माझे भावोजी, ताईचे यजमान. मला या नोकरीला त्यांनीच लावलं.

स्ट्रायकरला मी एका पायावर बसायला सांगितलं. उजव्यावर बसला. डाव्यावर अर्ध्यातच थांबला आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मी मालकांना फोन लावला.

"साहेब, डावा गुडघा गेलाय. हा सीझनभर टिकायचा नाही."

"फोटो जगानं बघितलाय. आता माझं नाक कापतोस का? लिही."

मी लिहिलं. भ्यालो, दुसरं काही नाही.

अकराव्या सामन्यात तो गुडघा धरून खाली बसला, तो उठलाच नाही. पुढचे सहा सामने आम्ही ओळीनं हरलो. पेपरवाले म्हणाले, कोचनं सरावात पिळून काढला. प्रेक्षक कोचच्या नावानं शिव्या घालू लागले, ताईनं बाजारात जाणं सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर रोज त्यांच्याच शेजारी बाकावर बसत होता.

परवा संचालकांची बैठक झाली. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी आत गेलो. एका संचालकानं माझा कागद वर धरला.

"तपासणीत खरंच काही नव्हतं?"

मालक फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात भावोजी म्हणाले, "काही नव्हतं. सराव मीच जास्त घेतला."

पाच मिनिटांत त्यांना काढल्याचं जाहीर झालं. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

मी गेलो तेव्हा भावोजी आपलं कपाट रिकामं करत होते. शिट्टी, दोन टोप्या, ताईनं दिलेला थर्मास.

"भावोजी, का बोललात असं?"

"त्या दिवशी तो तुझ्या खोलीतून जिना उतरला, तेव्हा मी खालीच उभा होतो. कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. मला तेव्हाच कळलं."

"मग विचारलं का नाहीत मला?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो. रोज वाटायचं, आज सांगेल." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. माहीत असून त्याला खेळवलाच की. माझी नोकरी तशीही जाणारच होती, एकाच घरातल्या दोन कशाला घालवायच्या? आणि हे बघ, ताईला यातलं काही कळू देऊ नकोस."

ते गेले. मी रिकाम्या कपाटासमोर बसून राहिलो. थोड्या वेळानं ताईचा फोन आला. ती रडत होती.

"तिथे त्यांच्या बाजूनं कुणी म्हणजे कुणी नसेल रे. निदान तू तरी बोललास ना?"

"हो ताई," मी म्हणालो, "बोललो."