हाताचा ठसा

"लाल का पिवळे, तेवढं सांगा काका. बाकी मले काही समजत नाई," विपुलने बाकावरच्या दोन खोक्यांकडे बोट केलं.

संत्र्याच्या बागांचा मालक असलेला हा वरूडचा गडी, वाटेतली अख्खी अमरावती सोडून अकोल्याच्या जुन्या शहरात देवमनच्या गॅरेजपर्यंत आला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, तशी त्याची दोन दारांची निळी स्पोर्ट्स कार जॅकवर उभी होती. घाटाच्या वळणावर गाडी कलते म्हणून त्याने दोन प्रकारचे नवे शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी नळकांडी, मागवले होते. लाल होते ते आखूड आणि कडक, पिवळे जरा उंच.

"लाल बसवले तर गाडी झकास दिसन. पन मेळघाटातल्या रस्त्यावर पोट घासत जाईन," देवमन म्हणाला. "पिवळे बसवू."

हे डोक्याचं काम होतं आणि डोकं शाबूत होतं. अवघड काम पुढे होतं.

प्रवासात आडवा पडून आलेला शॉकअप उभा धरायचा, हातानं पाच-सहा वेळा दाबायचा, ओढायचा, मगच गाडीला लावायचा, हा देवमनचा शिरस्ता. आत तेल नीट भरलेलं असलं तर दांडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जड लागतो. मधेच हात मोकळा सुटला, तर शॉकअप पोकळ. ती जागा जेमतेम बोटभर असते; डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळते. छत्तीस वर्षं देवमनच्या तळहाताला ती कळत आली होती. काम पास झालं की पांढऱ्या रंगात उजवा हात बुडवून तो चाकावरच्या पत्र्याला आतून ठसा उमटवायचा. ट्रकवाले धाब्यावर वाकून एकमेकांना तो ठसा दाखवायचे. देवमन वरवर म्हणायचा, हा काय पोरखेळ. पण आतून फुगायचा.

आज त्याने चारही पिवळे शॉकअप दाबले. चारही सारखेच लागले. म्हणजे काहीच लागलं नाही.

मागच्या सोमवारी चहाचा ग्लास हातात धरून गप्पा मारता मारता त्याच्या तळहाताला फोड आला होता. चटका जाणवलाच नव्हता. साखरेनं नसा गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही, आणि मुलीला तर नाहीच. दीपमाला अमरावतीहून पॉलिटेक्निक करून आलेली. चाकं सरळ करायचं मशीन ती सांभाळते, चार वर्षांत एकदाही चुकली नाही. पण तिने शॉकअपला हात लावला की देवमन म्हणायचा, "हे मशीनचं काम नाई. हात बसाले वीस वर्सं लागतात." शेवटी तिने हात लावणं सोडून दिलं.

नवाकोरा माल, त्याला काय धाड भरली असणार? अशी स्वतःची समजूत घालून त्याने शॉकअप बसवून घेतले. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला ठसा उमटला. जॅक उतरला.

"आता इथून सीधा चिखलदरा," विपुल गाडीत बसत म्हणाला. "दोस्तं परतवाड्याले थांबून राहिले. घाटात सगळ्याईले मागं टाकतो."

त्याची बायको रागिणी इतका वेळ खुर्चीवर बसून होती. ती उठून देवमनजवळ आली. "काका, याच्यासंगं घाटात मी कधी बसत नाई. भेव लागते. आज तुमचा हात लागला म्हनून बसून राहिली."

देवमनने मान हलवली. ती आत बसली. ओढणी आत ओढून घेतली, पट्टा लावला. थांबा म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार. ते सांगितलं की छत्तीस वर्षं नाव कमावलेला देवमन इथेच संपला. आणि नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. गाडी रस्त्याकडे सरकू लागली. त्या 'कदाचित'ची त्याला स्वतःलाच किळस आली.

तो गाडीला आडवा गेला आणि त्याने दोन्ही हात बॉनेटवर टेकले. ब्रेक करकचला.

"उतरा," देवमन म्हणाला.

"काहून? काय झालं?"

"शॉकअप मी पाहिले नाईत."

"माह्या डोळ्यासमोर पाहिले ना तुमी."

"दाबले. पाहिले नाईत. माह्या हाताले आता समजत नाई, बापू." त्याने तळहात पुढे केला. फोड फुटून कातडं पांढरं पडलं होतं. "चहानं भाजलं, तेही समजलं नाई."

"मंग सकाळीच सांगाचं होतं ना," विपुलचा आवाज चढला. "तुमच्या भरवशावर वरूडहून आलो मी."

"हो. सांगाचं होतं."

रागिणी केव्हाच खाली उतरली होती. मशीनपाशी दीपमाला हातातला पाना तसाच धरून उभी होती. बापाचा हात पाहून तिच्या तोंडावर राग आला. देवमनला तो राग बरा वाटला. तिथे कीव दिसली असती तर त्याला सोसली नसती.

"चारी काढ," तो तिला म्हणाला. "तू दाब."

"मले कुठं येते? तुमीच म्हनता, वीस वर्सं लागतात."

"म्हनलं असन खोटं. दाब."

तिने पहिला शॉकअप उभा धरला, दाबला, ओढला. ठीक होता. दुसरा ठीक होता, तिसराही. चौथा मागच्या डाव्या चाकाचा. तिचा हात मधेच थबकला. तिने पुन्हा तिथवर नेला, पुन्हा थबकला. देवमन तिच्या हाताकडे नाही, तोंडाकडे पाहत होता.

"बाबा, इथं सुटून राहिला. अर्ध्या बोटाएवढा."

घाटाच्या उतारावर, भर वळणात खड्डा आला असता तर त्या चाकाने रस्ता सोडला असता. विपुल जाऊन रागिणीशेजारी बसला आणि त्याने दोस्तांना फोन लावून उद्या येतो म्हणून सांगितलं.

गाडीचे मूळचेच शॉकअप दीपमालाने दाबून पाहिले आणि परत बसवले. तोवर उन्हं कलली होती. तिने सवयीने रंगाचा डबा बापापुढे धरला. देवमनने तो तिच्याकडेच सरकवला. मग चिंधी थिनरमध्ये भिजवून तो डाव्या चाकाशी वाकला आणि सकाळचा आपला ठसा पुसू लागला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. आधी बोटं गेली, मग तळवा गेला. थिनर ओघळून मनगटापर्यंत आलं. फुटलेल्या फोडाला ते सणसणून झोंबायला हवं होतं. देवमनने कोरड्या फडक्याने पत्रा साफ केला आणि मुलीला जागा करून दिली.