वीणा गळ्यात होती तेव्हा

माझ्या लेकीचा, आशाचा, एकच पेपर राहिला होता, इंग्रजीचा. पहिल्या खेपेला सव्वीस मार्क पडले आणि तेवढ्यावर दहावी अडली. वैजापूरच्या स्थळाची माणसं घाई करत होती. मी तिला शब्द दिला होता, या मार्चला पेपर निघाला तर कॉलेज, नाही तर लग्न.

मला इंग्रजी येत नाही. पण पाठ कसं करायचं ते येतं, जन्म कीर्तनात टाळ धरण्यात गेला. पहाटे ती अर्ज म्हणायची, मी मांडीवर ठेका धरायचो. "आय बेग टू स्टेट" आलं की मी ध्रुपदासारखं मागं म्हणायचो. हसू फुटायचं तिला. म्हणायची, दादा, बोर्डाचे साहेब टाळ घेऊन बसले असते तर मी पहिली आले असते. महिनाभरात आठ निबंध आणि पाच पत्रं तिला अशी चालीत बसली. झोपेतही विचारलं असतं तर अडली नसती.

पेपरच्या दिवशी पुंडलिकनगरच्या मंदिरात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नाम तुटू द्यायचं नाही. आठ ते दहा माझी पाळी, पुढं कडूबाची. पेपर अकराला. दहाला वीणा दिली की सायकलवर तिला घेऊन निघायचं ठरलं होतं. हॉल तिकीट मीच बंडीच्या खिशात ठेवून आणलं होतं. म्हटलं, दोन तास वीणेपाशी राहू दे.

दहा वाजले. कडूबा आला नाही. माणसं कामावर गेलेली. मंडपात एकट्या वच्छलामावशी वाती वळत बसलेल्या. सव्वादहाला त्यांनी हात पुसले आणि जवळ आल्या.

"बद्री, दे माझ्या गळ्यात. लेकराचा पेपर हाय."

मी मान हलवली. आमच्यात बाईच्या गळ्यात वीणा देत नसत.

"देत नाय, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं नाम घेते मी. पांडुरंगानं अजून कधी इचारलं नाय, बाई का बाप्या."

मी नाम घेत राहिलो. तेवढ्यात आशा धावत आली, वेणी घातलेली, हातात दोन पेनं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं, तिला सगळं कळलं.

"दादा, मावशी घेतेत ना. द्या."

मी खाली फरशीकडं बघितलं. पाय हलत होते, तोंडात नाम चालू होतं. थोडा वेळ ती उभी राहिली. मग पुढं होऊन माझ्या खिशातून हॉल तिकीट काढून घेतलं. तिचा हात वीणेला लागू नये म्हणून मी किंचित मागं सरलो. ते मला आजही दिसतं.

कडूबा सव्वाअकराला आला, पार घामाघूम. रातपाळी संपली तरी कारखान्यात बदली माणूस आला नव्हता, मशीन सोडून येता येईना. त्याला काय बोलणार? मी वीणा दिली, त्याच्या पाया पडलो आणि सायकल काढली.

आशा सेंटरच्या फाटकाबाहेर कठड्यावर बसली होती. रिक्षा मिळाली नाही, ती अर्धी वाट पळत गेली. पोचेपर्यंत अकरा चाळीस झाले होते. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. ती रडत नव्हती. ओठ हलत होते, अर्ज म्हणत होती. मी शेजारी बसलो, पण ठेका धरायला हात उठला नाही.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचं नाव घरात कुणी काढलं नाही. वैशाखात लग्न झालं.

इतक्या वर्षांनी, मागच्या हरिनाम सप्ताहात आमच्या मंडळानं बायकांच्या पाळ्या लावल्या. पहिल्या बाईच्या गळ्यात वीणा मीच घातली. वच्छलामावशी तर केव्हाच गेल्या. घरी येऊन आशाला फोन केला, सांगितलं.

"बरं झालं, दादा," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवलात का?"