गार पाण्याची मोहरी

लॅबमध्ये मला सोवळी म्हणतात. म्हणू देत. माझ्या टेबलावर जंतूला पाय ठेवायची सोय नाही. मोहरी वाटायचं पाणीसुद्धा मी खळखळ उकळून, तसंच कढत वापरायची.

माझं काम मोहरीचं. वाटलेल्या मोहरीतून जो झणका उठतो, त्यात बुरशी वाढत नाही. बंद बरणीत पावाचा तुकडा, शेजारी वाटीत मोहरी, एवढाच प्रयोग. पण माझ्या पावाला दर वेळी हिरवी दाढी यायची. शेवटी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या, "या खेपेला नाही जमलं तर टेबल दुसऱ्याला." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या टेबलावर माझा जीव आहे हो.

घरी आले ती धुमसतच. जेवणासोबत हवी म्हणून मोहरी वाटायला घेतली आणि सवयीने किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. नवऱ्याने बोटावर घेऊन चाखली.

"ही मोहरी आहे की माती? यापेक्षा तुझा राग जास्त झोंबतो."

चांगलं खरमरीत उत्तर देणार होते, पण नजर किटलीवर गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, दाण्यात झणका तयार नसतोच. दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत गपगुमान बसलेले असतात. दाणा फुटून ओला झाला की ते एकत्र येतात, तेव्हा कुठे तो उठतो. त्यातलं एक असतं एन्झाइम, आणि ते कढत पाण्यात मरतं. हे मला तोंडपाठ, तरी सोवळेपणापायी दर वेळी त्याचा जीव घेत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

किटलीतलं पाणी गार होऊ दिलं, नवी मोहरी वाटली, जरा थांबले आणि वाटी नवऱ्याच्या नाकाखाली धरली. बिचारा ओट्याला धरून डोळे पुसत बसला. मी पोट धरून हसले.

लॅबमध्येही तेच केलं. पाणी उकळलंच, सोवळं काही सोडलं नाही. फक्त ते गार होईपर्यंत धीर धरला. आठवडा सरला तरी पाव पांढराशुभ्र. मोठ्या बाईंनी झाकण काढून थेट नाक आत घातलं, मग बराच वेळ डोळ्यांना रुमाल लावून उभ्या राहिल्या.

"हं," म्हणाल्या, "टेबल राहू दे."

घरी नवऱ्याने दार उघडलं तेच नाक चिमटीत धरून.

"राहिलं का टेबल?"

"राहिलं."

तेव्हा कुठे त्याने नाक सोडलं आणि मला जवळ घेतलं. "मग आज तरी," म्हणाला, "मोहरीला हात लावू नकोस."