माझ्या पडद्यावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. मला मान नाही, नाहीतर ती खाली घालूनच तुमच्याशी बोलले असते.

कारखान्यातून या दवाखान्यात आले तेव्हा माझा थाट काही वेगळाच होता. डॉक्टरीणबाई माझा प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगावरून फिरवायचा तो दांडा, मऊ कापडाने स्वतः पुसत. पोटातले खडे, गाठी, न जन्मलेली बाळे, मी सगळे दाखवले. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असे त्या येईल त्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

मग एकदा प्रोब त्यांच्या हातून निसटून फरशीवर आपटला. तेव्हापासून माझ्या पडद्यावर एक उभी काळी पट्टी दिसू लागली. दुरुस्तीवाल्याला बोलावणे आजचे उद्यावर गेले आणि बाईंना पट्टीची सवयच झाली. "ती याची जुनी सावली, लक्ष देऊ नका," म्हणून त्या हसत. खरे सांगते, मला ते लाडच वाटले.

एका सकाळी एक रंगारी आला. शिडीवरून घसरून डाव्या कुशीवर पडला होता आणि लघवी लाल झाली होती. सोबत थोरली बहीण होती. बाईंनी प्रोब फिरवला. मूत्रपिंडाच्या कडेला रक्त साठत होते. ते मी काळे दाखवले, अगदी माझ्या पट्टीला चिकटून.

"डॉक्टर, हे काळं काय आहे?" बहिणीने विचारले.

"ते होय? मशीनची जुनी सावली आहे. किडनीला थोडा मुका मार लागलाय. घरी पडून राहू दे त्याला."

"पण तो श्वास घेतो तेव्हा त्यातलं थोडं हलतंय."

"ताई, मी रोज बघते हे."

मित्रांनो, सावली श्वासाबरोबर हलत नाही. मला ते ठाऊक होते, पण सांगायला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेरी येऊन कोसळला. मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला तेव्हा मूत्रपिंडातली एक रक्तवाहिनी गळताना दिसली. तिथल्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घातली आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत ती गळती बंद केली. रंगारी थोडक्यात वाचला.

त्याच आठवड्यात बाईंनी नवा प्रोब आणला. साठलेले रक्त किती विरले, हे मोजायला भाऊबहीण पुन्हा आले. डाग लहान झाला होता.

"याच मशीनने मला पहिल्यांदा पाहिलं ना?" रंगाऱ्याने विचारले.

"हो. त्याने दाखवलं होतं, मीच पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही पाहिलं होतं."

बहिणीने भावाचा शर्ट त्याच्या हातात दिला.

बाईंनी दोष आपल्या अंगावर घेतला. पण रोज खोटी पट्टी मीच दाखवत होते, म्हणून तर माझे खरेही कोणी मानले नाही. ही लाज नव्या प्रोबने जात नाही. मित्रांनो, आमचे काही मोडले तर त्याच दिवशी दुरुस्त करा. आमच्या खोडीचे लाड करू नका.

रंगारी अजून तपासायला येतो. जाताना आपला जीव मीच वाचवला असे समजून माझ्या पाठीवर थाप मारतो. ती थाप मला सोसत नाही.