कलमही माझं, परिशिष्टही माझंच

ऑफिसात माझ्या माघारी मला ‘कलमबहाद्दर’ म्हणतात. तोंडावर साहेब, पाठीमागे कलमबहाद्दर. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. रस्ते विभागाच्या नियोजन शाखेत माझी अख्खी नोकरी गेली, पण हातभर रस्ता म्हणून मी कधी बांधला नाही. मी रस्ते लिहितो. कोणता रस्ता कोणत्या दर्जाचा, बजेटात कोणाला किती, कायद्यात कुठला शब्द घालायचा आणि कुठला गाळायचा, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. डांबराचा वास आला की माझं डोकं दुखतं.

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, शहराबाहेर रस्त्याला लागून राहते. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. गेल्या वर्षी दाजी तिच्याच दारातल्या खड्ड्यात स्कूटरसकट आडवे झाले आणि खांद्याचं हाड मोडून घरी बसले. मी भेटायला गेलो, तर पाणी विचारायच्या आधी ताईने मलाच फैलावर घेतलं.

"काय रे, एवढा रस्त्यांचा साहेब तू, आणि बहिणीच्या दारात ही विहीर?"

मी समजावू लागलो. "अगं, तुझा रस्ता जिल्हा दर्जाचा. इंधनावरच्या कराचा पैसा कायद्याने एका वेगळ्या निधीत जातो, आणि तो निधी फक्त राज्य महामार्गांवर खर्च करता येतो. जिल्हा रस्त्यांना उरलंसुरलं मिळतं."

"आणि उरतं किती?"

"उरत नाही."

"मग माझ्या रस्त्याचा दर्जा वाढव की. तूच लिहितोस ना ते?"

इतकी साधी गोष्ट मला तिच्याआधी सुचली नव्हती, हे अर्थातच मी दाखवलं नाही. "बघतो," म्हणालो. आमच्या खात्यात हा शब्द फार वजनदार मानतात.

योग असा, की नव्या महामार्ग कायद्याचा मसुदा तेव्हा माझ्याच टेबलावर होता. मसुद्याच्या शेवटी परिशिष्ट होतं, म्हणजे दर्जा वाढवायच्या रस्त्यांची यादी. तिच्यात मी ताईचा रस्ता बसवला. कारण खोटं नव्हतं; तो दोन महामार्गांना जोडत होता आणि वाहतूक दुप्पट झाली होती. आमच्या मुख्य अभियंत्यांनी पान उलटता उलटता सही केली. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, निम्मे सदस्य एकमेकांवर ओरडत असताना, विधेयक आवाजी मतदानाने पास झालं. लगोलग पुरवणी मागण्यांत रस्त्याला भरघोस रक्कमही पडली. मी वरच्या गॅलरीत बसून मिशीत हसत होतो. वाटलं, लोकशाही म्हणतात ती हीच, फक्त चालवणारा माझ्यासारखा पाहिजे.

ताईने ही बातमी अख्ख्या वस्तीला सांगितली. माझ्या भावाने रस्ता आणला म्हणे. समोरचा पंक्चरवाला मला पाहून हात जोडायला लागला, आणि मीही "अहो, कर्तव्यच आहे" असं म्हणून घेतलं. किती तो शहाणपणा!

दोन महिन्यांनी ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"तुझी मोजणीची माणसं आली होती. मला वाटलं बाहेर मोजतील, तर सरळ घरात शिरली. माझ्या मशीनच्या मागे फरशीवर लाल रेघ मारून गेली. रेघेच्या रस्त्याकडचं सगळं पाडणार म्हणाली. मी म्हटलं, अहो, माझा भाऊच तिथला साहेब आहे, तुमची काहीतरी चूक होतेय. तर त्यातला एकजण हसला."

तो का हसला ते मला लगेच कळलं. कलम चौदा. राज्य महामार्गाच्या मध्यरेषेपासून ठरावीक अंतरात कोणतंही बांधकाम नको, असलेलं तीन महिन्यांत हटवायचं. जुन्या कायद्यात वस्तीतल्या जुन्या घरांना सूट होती. ती सूट नव्या मसुद्यातून काढली कोणी? मी! लोक कालची टपरी आजोबांच्या काळातली म्हणून दाखवतात, तेव्हा सूट म्हणजे पळवाट, असं मी भर बैठकीत ठणकावलं होतं. मुख्य अभियंते म्हणाले होते, "वा! याला म्हणतात मसुदा." कलम मी सोमवारी लिहिलं आणि परिशिष्ट गुरुवारी. दोन्ही कागद एकाच टेबलावर, मध्ये फक्त माझा चहाचा कप. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, पण नेम धरून बहिणीच्या पायावर पाडणारा मीच.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. मी कलमबहाद्दर! मी पुन्हा कायदा काढून वाचला. मध्यरेषा कुठे धरायची, ते विभाग ठरवेल असं त्यात लिहिलेलं होतं, आणि त्या बाबतीत विभाग म्हणजे मी. ती पलीकडे सरकवायला एक पेन्सिल पुरली. रविवारी नकाशा घेऊन मी ताईकडे गेलो आणि तिच्या कापडांवरच तो पसरला.

"ही बघ. तुझ्या पायरीलाही धक्का नाही आता."

ताईने चष्मा लावला. दाजी आतून येऊन दारात उभे राहिले.

"रेघ गेली कुठे मग?" ताईने विचारलं.

"समोर."

"समोर पंक्चरवाला राहतो."

"त्याला मोबदला मिळेल गं."

"यांना रस्त्यातून उचलून दवाखान्यात त्याने नेलं. तू दोन दिवसांनी आलास." ती ओरडली नाही. "त्याने विचारलं, माझं घर का जातंय, तर तू काय सांगणार?"

"कायदा आहे म्हणून सांगायचं. कलम चौदा."

"मग मला सांग."

"तुला कशाला? तुझं वाचलं ना!"

"सांग तर. समज मी त्याची बायको आहे. ऐकू दे मला, माझं घर का पाडताय ते."

ते कलम मी मंत्र्यांना समजावलं होतं, समितीला समजावलं होतं, एकदा तर कागद न बघता म्हणून दाखवलं होतं. मी घसा खाकरला. "राज्य महामार्गाच्या मध्यरेषेपासून..." एवढं झालं आणि पुढचं तोंडातून निघेना. ताई समोर उभी होती, हातात कात्री, आणि लाल रेघ तिच्या चपलेखालून गेली होती.

"नाही सांगता येत, ताई."

"मग लिहिलंस कसं?"

ती टोमणा मारत असती तर मी परतवला असता. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या नोकरीत मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता, मी स्वतःही नाही.

मग मी तिला खरा मार्ग सांगितला. सूट परत आणायची, दोन्ही बाजूंच्या घरांसाठी. पण त्यासाठी कायद्यात दुरुस्ती हवी आणि ती पुढच्या अधिवेशनाशिवाय होत नाही. तोवर काम थांबणार, आर्थिक वर्ष संपणार आणि न खर्चलेला पैसा परत जाणार. शिवाय फाइलवर लिहावं लागणार की सूट काढणं ही चूक होती, आणि ती कोणाची होती.

"म्हणजे रस्ता होणार नाही?" ताई म्हणाली.

"यंदा तरी नाही. पुढचं मलाही सांगता येणार नाही."

ताईने दाजींकडे पाहिलं. दाजी मुळात कमी बोलतात. त्यांनी दुखरा खांदा जरा चोळला.

"अहो, खड्ड्यात पडलो तरी मी उठलो ना," ते म्हणाले. "लिहा तुम्ही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. लपवून उपयोगही नव्हता, खोली केवढीशी. नकाशा गुंडाळून मी बाजूला ठेवला, ताईने मशीनवरचं कापड उचलून जागा करून दिली, आणि तिथेच बसून मी टिपणी लिहायला घेतली. सवयीने ‘तथापि’ लिहिलं ते खोडलं. मग लिहिलं: ‘लोकांच्या राहत्या घरांची सूट मी काढली. ती माझी चूक होती.’

ताईला ते वाचून दाखवलं. माझं लिहिलेलं तिला पहिल्यांदाच समजावून सांगावं लागलं नाही.