टिकलीचा उजवा पाय

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला आधी म्हातारे व्हावे लागते म्हणतात. मी एक घोडी आहे आणि मला अजून चौथे वर्षही पुरे झालेले नाही. तरी मी आत्ताच सांगून टाकते, कारण मी म्हातारी होईन की नाही, याचीच मला भीती वाटते.

माझे नाव टिकली. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये सूर्याजींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी राहते. सूर्याजींचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इकडे लढायला आले. सूर्याजींचे इंदरगंजात टायरचे दुकान आहे. पण दसऱ्याला घरच्या घोड्यावर बसूनच शमीच्या पूजेला जायचे, ही घराण्याची रीत त्यांनी सोडलेली नाही. जुना घोडा गेला तेव्हा त्यांनी मला आणले. माझे चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि फार शुभ मानतात. मी आले त्या दिवशी सगळ्यांनी माझे पांढरे पाय डोळे भरून पाहिले. आतली हाडे अजून कच्ची आहेत, हा विचार कुणाच्या मनात आला नाही.

मी मुळातच भित्री. उडणारी पिशवी दिसली किंवा कुकरची शिट्टी झाली की मी दचकते. पण सूर्याजींचा हात मानेवर असला की मला कशाचीच भीती वाटत नसे. म्हणून गेल्या दसऱ्याला, लहान असूनही, मी त्यांना पाठीवर घेतले. ढोल वाजू लागले. लोक म्हणाले, नाचवा हिला, आणि मी सिमेंटच्या रस्त्यावर नाचले. सगळे माझे फोटो काढत होते. खरे सांगायचे तर मला तेव्हा चांगलाच ताठा चढला होता.

दुसऱ्या दिवशी पुढचा उजवा पाय टेकवेना. एवढ्या गर्दीत पंचकल्याणीला नजर लागली, असे घरात ठरले. माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून जाळल्या आणि पायात काळा दोरा बांधला. काही दिवस कोणी बसले नाही, त्यामुळे दुखणे कमी झाले. सगळ्यांना वाटले दोऱ्याचा गुण आला. मग पुन्हा खोगीर चढले, मी पुन्हा लंगडले, आणि पुन्हा मिरच्या. वर्षभर हेच चालले. त्या धुराने मला खोकला तेवढा व्हायचा.

यंदाच्या खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तलवारीबरोबर माझीही पूजा झाली. सूर्याजींच्या पत्नी शांताताई माझे पाय धूत होत्या. उजव्या पायाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी डाव्या पायाला हात लावून पाहिला आणि पुन्हा उजव्याला.

“अहो, हा पाय तर तापून राहिलाय,” त्या म्हणाल्या. “दोरा पण सुजेत रुतून गेलाय.”

त्याच दुपारी सुश्रुत नावाचे जनावरांचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी पायाचा एक्स-रे काढला.

“नळीच्या हाडाला बारीक तडा आहे,” ते म्हणाले. “वर्षभर हिच्यावर कोणी बसायचं नाही.”

“मग पुढच्या दसऱ्याला बसता येईल?” सूर्याजींनी विचारले.

“येईलही. कदाचित कधीच येणार नाही. मी खात्री नाही देऊ शकत.”

सूर्याजी बाजूला गेले आणि त्यांनी कुणाला तरी फोन केला. थोड्या वेळाने वरातींना घोड्या पुरवणारा माणूस आला. त्याने माझा पाय पाहिलाच नाही, फक्त तोंडावरचा पट्टा पाहिला.

“दे दीजिए, बाबूजी,” तो म्हणाला. “बारात में खड़े ही तो रहना है. सुई लगा देंगे, दर्द का पता ही नहीं चलेगा.”

“दुखणं कळलं नाही तर ती पायावर सगळं वजन टाकेल आणि हाड मोडेल,” डॉक्टर म्हणाले. “मग तिला शेवटची सुई द्यायला मलाच बोलावतील.”

मित्रांनो, मी भिंतीकडे मागे सरकले. मी सूर्याजींकडे पाहिले, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते.

“घोडी ठेवायची ती बसण्यासाठी,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या साली मी तरी बसण्याजोगा राहीन का?”

तेव्हा मला कळले की तेही घाबरले आहेत.

शांताताई हात पुसत उठल्या. “तुमचे गुडघे गेले, तेव्हा आम्ही तुम्हाला कोणाला देऊन टाकलं का?”

सूर्याजी घरात गेले. कल गाड़ी ले आऊँगा, असे सांगून तो माणूस निघून गेला.

दसऱ्याच्या सकाळी मी गवताला तोंडही लावले नाही. कोणी खोगीर घेऊन आले नाही. सूर्याजी पगडी बांधून, काठी टेकत, फाटकातून पायीच बाहेर पडले. संध्याकाळ होत आली तेव्हा गाडीचा आवाज आला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्या माणसाने गाडीची मागची फळी खाली टाकली, माझी दोरी सोडली आणि ओढली. मी तीन पायांवर जोर लावून मागे हटत होते.

“छोड़ दो उसे,” फाटकातून आवाज आला. “घोड़ी कहीं नहीं जाएगी.”

सूर्याजी धुळीने माखले होते. गाडी गेल्यावर ते माझ्याजवळ आले, काठीवर भार देऊन कसेबसे खाली वाकले आणि शमीचे एक पान त्यांनी माझ्या उजव्या पायावर ठेवले.

“सोनं घे, टिकली,” ते म्हणाले. “आता आपण दोघं पायीच.”

मी ते पान खाऊन टाकले.

आता माझ्या पाठीवर कोणी बसत नाही. शेडमध्ये मऊ पेंढा आहे. पण रस्त्यावर गाडी थांबली की अजूनही मी भिंतीला चिकटून उभी राहते. पाय बरा होईल की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. तुमच्या घरी एखादे शिंगरू, वासरू किंवा पिल्लू आले, तर त्याचा रंग जरूर पाहा, पण त्याच्या पायांवरून रोज एकदा हातही फिरवा. आम्हाला सांगता येत नाही. आमचा पाय फक्त तापतो.

पुढच्या खंडेनवमीला शांताताई पुन्हा माझे पाय धुतील. माझा उजवा पाय त्यांच्या हाताला डाव्याइतकाच गार लागू दे, एवढेच मी रोज मागते.